तीन आगगाड्यांची वही

माझ्या कपाटात कपड्यांच्या खाली एक लांबडी वही आहे. पुठ्ठ्याची, कडेला लाल कापडी पट्टी असलेली, कारखान्यात तपासणीच्या नोंदींना देतात तशी. तिच्या पहिल्या चार पानांवर मी खेळण्यातल्या तीन आगगाड्यांची तुलना लिहिलेली आहे. बाकीची वही कोरी आहे आणि कोरीच राहील. कपडे काढताना तिच्यावर हात पडला तर मी तो मागे घेते, पण ती रद्दीत टाकायचं धैर्यही होत नाही.

मी साजगावच्या एका कारखान्यात तपासणीवर आहे. आमच्याकडे प्लास्टिकचे खटके, झाकणं, बटणं असले बारीकसारीक भाग बनतात. पास केलेला नमुना डाव्या हाताला ठेवायचा, साच्यातून निघालेला नग उजव्या हाताला, आणि दोघांतला फरक शोधायचा. कड वर आली आहे का, भोक वाकडं आहे का, रंग फिका पडला आहे का. बारा वर्षं हेच केल्यावर डोकं काही घरी येऊन सुटीवर जात नाही. मी मेथीच्या दोन जुड्यासुद्धा तशाच बघते. नवरा सगळ्यांना सांगतो, मी हिला बघायला गेलो आणि हीच माझी तपासणी करून मोकळी झाली.

आम्ही पोशीरला माझ्या वडिलांच्या घरात राहतो. नवरा खोपोलीत टेंपो चालवतो, मी कंपनीच्या बसने साजगावला जाते, आणि आमची लेक दिवसभर बाबांजवळ असते. माझी आई लेकीच्या जन्माआधीच गेली. बाबा आहेत म्हणून माझी नोकरी आहे, इतकं साधं गणित आहे हे. हे सगळं घडलं तेव्हा लेक सव्वादोन वर्षांची होती.

बाबा रेल्वेत इंजिन चालवायचे, पण पुढचं नव्हे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं लावतात, घाट चढवायला. अशा मागच्या इंजिनाला बँकर म्हणतात. वर लोणावळ्याला ते सुटतं आणि रिकामं खाली येतं, पुढच्या गाडीसाठी. बाबांची सगळी नोकरी अशी दुसऱ्यांच्या गाड्या मागून रेटण्यात गेली. याचं त्यांना वाईट वाटायचं नाही, उलट गर्वच होता. म्हणायचे, "पुढच्याला समदी बगतात गं बाय. मागचा कुनाला दिसत नाय, पन तो नसला तर गाडी अर्ध्या घाटात ठाकूरवाडीलाच बसंल." आणि दुसरं एक म्हणायचे, घाटात आधी ब्रेक, मग गाडी.

अशा माणसाच्या घरात ठोकळ्यांची आगगाडी आली की काय होणार. एक नाही, तीन आल्या.

पहिली जुनी. निवृत्तीनंतर बाबा वर्षभर कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये पाण्याच्या पंपावर देखरेखीला होते. तिथल्या मालकिणीने माळा साफ करताना एक खोकं काढलं, तिच्या मुलांचं लहानपणीचं, परदेशातून आणलेलं. ते तिने बाबांना दिलं. दुसरी नवी, त्याच परदेशी कंपनीची, हल्लीची. ती मी बोनस मिळाला तेव्हा पनवेलच्या दुकानातून आणली आणि नवऱ्याला दोन दिवस किंमत सांगितली नाही. तिसरी नक्कल. नवऱ्याने खोपोलीच्या बाजारात रस्त्यावर मांडलेली घेतली. खोक्यावर गाडीचं चित्र झकास होतं आणि बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. नवरा म्हणाला, "तेच ठोकळे, तेच रूळ. तू उगं इतके पैसे घातलेस." झालं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले.

मला ते दोन आठवडे फार सुखाचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. कारखान्यातला नग तपासताना चूक सापडली की कुणाचा तरी पगार आठवतो. इथे तसलं काही नव्हतं. जुन्या गाडीचा पांढरा ठोकळा दह्यावरच्या पाण्यासारखा पिवळा पडला होता, पण अजून दुसऱ्यावर बसताना "टक" म्हणायचा आणि सुटताना किंचित अडायचा. नव्याची पकडही तीच, रंग जरा भडक. नकलेचे काही ठोकळे इतके घट्ट की लेकीला दातांनी काढायला लागायचे, काही इतके सैल की डबा उचलला की छत खाली. साच्याच्या फटीतून आलेली पातळ कड नकलेच्या चाकांना तशीच राहिली होती, म्हणून गाडी चालताना कुरकुरायची. हे सगळं मी तारीख घालून लिहिलं.

मग डबे जोडायची जागा. तिन्ही गाड्यांत डब्याच्या टोकाला चुंबक असतं, एका डब्याचं दुसऱ्याला चिकटतं. जुन्या गाडीत ते पितळी रंगाचं आडवं नळकांडं होतं, वालाच्या दोन दाण्यांएवढं, आपल्या खोबणीत सुटं फिरणारं. नव्यात ते प्लास्टिकच्या डबीत असं बंद केलेलं, की सांधा दिसत नाही. मी सुई घालून पाहिली, गेली नाही. तेही आतल्या आत फिरतं. नकलेत टोकाला एक उथळ भोक आणि त्यात चिकटवलेली बारीक, चंदेरी चकती. ती इतकी ताकदवान होती की माझ्या केसांतला आकडा बोटभरावरून ओढून घ्यायची. त्या रकान्यात मी लिहिलं, "चुंबक एक, चकती, चिकटवलेलं." ती चकती मी उपसून पाहिली नाही. कारखान्यात एखादा नग मी न उघडता लिहिला असता तर सुपरवायझरने मला उभं केलं असतं.

बाबांना या रकान्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना घाट हवा होता. आमच्या ओटीवरून माजघरात यायला एक पायरी आहे. बाबांनी तिच्यावर फळी तिरकी टाकली, खाली ठोकळे रचले आणि वर रूळ बसवले. ओटी म्हणजे कर्जत, फळीच्या मध्यावर ठाकूरवाडी, माजघराचा उंबरठा म्हणजे घाटाच्या वरच्या टोकाचं मंकी हिल. पुढे नव्या गाडीचं इंजिन, मागे डबे, आणि शेवटी नकलेतला एक लाल डबा, ज्याला छोटी बाल्कनी होती. तो बाबांनी गार्डाचा डबा ठरवला. गाडी मध्यावर जाऊन बसायची. बाबांना तेच पाहिजे होतं. ते लेकीला म्हणायचे, "बसली ना? आता कोन लागंल?" आणि लेक ओरडायची, "बंकल."

बँकर म्हणजे नकलेचं इंजिन. त्याची मोटर दांडगी होती. पण त्याला चुंबक फक्त मागच्या बाजूला होतं, म्हणून ते उलटं फिरवून गार्डाच्या डब्याला लावावं लागे, आणि तसं लावलं की दोन्ही चकत्या एकमेकींना ढकलून द्यायच्या. जुन्या-नव्या गाड्यांतलं चुंबक फिरून आपली बाजू बदलतं, नकलेचं चिकटवलेलं, ते कसं बदलणार. नवीन गाडीचा डबा शेवटी घेतला असता तर प्रश्न मिटला असता. मी तसं म्हणालेही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवणाच्या ताटात चप्पल ठेवली होती. "गार्डाचा डबा मदी? आनि बँकर काय बिनगार्डाच्या डब्याला लावायचा?" मी हसले आणि वहीत लिहिलं, "नक्कल: बँकर लागत नाही."

शनिवारी मी पाळीवरून घरी आले तर बँकर लागलेला होता. नकलेचं इंजिन उलटं, गार्डाच्या डब्याला घट्ट चिकटलेलं, कुरकुरत घाट चढत होतं. लेक टाळ्या पिटत होती. बाबा उंबरठ्यापाशी उकिडवे बसून हाताने हिरवा झेंडा दाखवत होते. कसं जमवलं विचारलं तर म्हणाले, "आमची बी काय शिकवन हाय."

चहा घेतल्यावर मी ते इंजिन हातात घेतलं. भोकाच्या कडेला चाकूच्या टोकाचा ओरखडा होता. बाबांनी चकती उपसून उलटी केली होती आणि सायकलच्या पंक्चरला लावतात ते सोल्युशन लावून परत बसवली होती. मी नखाने दाबलं. ती जराशी हलली. मी वही काढली आणि लिहिलं, "बँकरचं चुंबक हलतं. बाबांना सांगणे."

सांगितलं नाही. त्याला काही मोठं कारण नव्हतं. बाबा ओटीवर लेकीला घेऊन बसले होते आणि इतके खुशीत होते, की आई गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मी थकले होते. आणि खरं सांगायचं तर लिहून झालं की माझं काम झालं, अशी मला सवय आहे. कारखान्यात मी लिहिते आणि पुढचा माणूस वाचतो. घरात पुढचा माणूस कोण, हा विचारच आला नाही.

रविवारी सकाळी विहारात वंदनेला जाऊन आलो. नवऱ्याला खोपोलीत एक फेरी होती, तो गेला. जेवण झाल्यावर बाबा माजघरात आडवे झाले आणि मी ओटीवर बिरडं सोलायला बसले. मोड आलेले वाल परातीत, सालं खाली कागदावर. लेक माझ्या आणि घाटाच्या मधे इंजिन हाताने वरखाली करत होती. मधेच येऊन मूठभर वाल उचलायची, मधेच सालं उडवायची. एकदा मी वर पाहिलं तर तिचं तोंड हलत होतं. "वाल खाल्लास?" मी विचारलं. ती हसली. कच्चा वाल कडू लागतो, थुंकेल आपणच, असं म्हणून मी पुन्हा मान खाली घातली. आमच्याकडे वालाच्या दिवसांत प्रत्येक पोर एकदा तरी कच्चा वाल चावून तोंड वाकडं करतं. तिचं तोंड वाकडं झालं नव्हतं. ते मला नंतर आठवलं.

बाबा उठले, चूळ भरून आले आणि लेकीच्या हातातलं इंजिन घेऊन गार्डाच्या डब्यामागे ठेवलं. टक झालं नाही. त्यांनी पुन्हा लावलं. मग इंजिन उलटं करून त्याच्या भोकात पाहिलं.

"बाय," ते म्हणाले, "यातलं चुंबक कुटं हाय?"

माझ्या हातातला वाल परातीत पडला. त्या क्षणी मला सगळं समजलं होतं, पण अंग ते मानायला तयार नव्हतं. मी सालं चिवडली. परात पालथी केली. बाबांनी लोखंडी तवा आणला आणि आम्ही दोघांनी तो सबंध ओटीवर, फळीखाली, चटईखाली फिरवला, की असेल तिथून चिकटून येईल. तव्याला एक गंजकी टाचणी चिकटली. बाबांनी तवा पुन्हा एकदा फळीखाली फिरवला. शेवटी मी लेकीपुढे बसले आणि आवाज चढू न देता विचारलं, "बंकलचं टक कुठंय?" तिने भलामोठा आ केला आणि म्हणाली, "गेलं."

तिच्या तोंडात पाहिलं. इवले दात, गुलाबी जीभ, आणि मागे काळोख. एवढी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही, तिच्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही.

शेजाऱ्याला रिक्षा काढायला सांगितलं. निघताना मी पिशवीत दोन गोष्टी टाकल्या, गार्डाचा लाल डबा आणि ही वही. का, ते मला धड सांगता येणार नाही. माल परत आला की सोबत त्याच जातीचा नमुना आणि नोंद न्यायची, एवढीच ती सवय.

नेरळला मुलांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडेच एक्स-रे आहे. फोन केला होता म्हणून ते थांबले होते. म्हणाले, पाणीसुद्धा द्यायचं नाही आता. लेक पाण्यासाठी रडायला लागली. फोटो निघाला. काळ्या पाटीवर बरगड्या, आणि खाली तिच्या डाव्या बाजूला एक पांढरा गोल ठिपका, स्पष्ट. डॉक्टर म्हणाले, "जठरात आहे. एकच दिसतंय. एक चुंबक असेल तर बहुतेक वेळा आपोआप निघून जातं, आपण लक्ष ठेवू. दोन असली तर मात्र गोष्ट वेगळी. पुढेमागे सरकून आतड्याच्या दोन घड्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटते, भोक पडतं. एकच होतं ना?"

"एकच व्हतं सायेब," बाबा म्हणाले. "मीच काडून उलटं केलंय. माज्या या बोटांनी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीतही एकच लिहिलेलं होतं. मी हो म्हणणारच होते. शब्द जिभेवर आला होता, आणि तेव्हा मला आठवलं की मी ते उघडून पाहिलेलं नाही.

मी पिशवीतून लाल डबा काढला, केसांतला आकडा सरळ केला आणि चकतीच्या कडेला घालून जोर लावला. ती उडून डॉक्टरांच्या टेबलाच्या पायाला चिकटली. काढून हातात घेतली. एकच दिसत होती. दोन्ही अंगठ्यांची नखं लावून मी आडवं सरकवलं, तशी ती सरकली आणि एकाच्या दोन झाल्या. इतक्या पातळ, इतक्या घट्ट बसलेल्या, की जोड दिसत नव्हती. हात सोडला तशा त्या पुन्हा माझ्या बोटाच्या कातडीसकट एकमेकींवर आदळल्या. मला कळवळून ओरडावंसं वाटलं. ती फक्त बोटाची कातडी होती.

बाबा बाकावर बसले.

डॉक्टरांनी लेकीला कुशीवर धरून दुसरा फोटो काढला. आता ठिपक्याच्या जागी एक जाडसर रेघ होती, आणि निरखून पाहिलं तर मधे केसाएवढी फट. दोन होत्या. अजून एकत्र होत्या, अजून जठरातच होत्या. तिथून पुढे सरकायच्या आत दुर्बीण घालून काढायला हव्यात, आणि ती सोय पनवेलला. डॉक्टरांनी फोन करून ठेवला आणि गाडीही बोलावून दिली. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, "काय इचारू नका. तुमी पनवेलच्या रस्त्याला चौक गावात येऊन उभे ऱ्हावा."

नेरळ ते पनवेल हा रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकाला मी तिचं पोट दोन्ही हातांनी धरत होते, जणू बाहेरून धरल्याने आतल्या चकत्या जागच्या जागी राहणार होत्या. एक पुढे गेली, एक मागे राहिली, तर. ती झोपली की घाबरायचं, ती रडली की घाबरायचं. पोट दुखून रडते की तहानेने, कसं ओळखायचं. बाबा पुढच्या सीटवर होते, पिशवी त्यांच्या मांडीवर. कर्जतला रुळांच्या बाजूने गाडी गेली. बाबा तिथून जाताना यार्डात कुठलं इंजिन उभं आहे ते नेहमी बघतात आणि सांगतात. त्या दिवशी त्यांची मान खाली होती. चष्मा लावून काहीतरी वाचत असावेत असं मला मागून वाटलं. औषधाची चिठ्ठी असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

चौकला नवरा मोटारसायकल तिथेच टाकून गाडीत बसला. पनवेलच्या हॉस्पिटलात पुन्हा फोटो, पुन्हा तीच जाडसर रेघ, जागची हललेली नव्हती. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद भरता भरता विचारलं, "खेळण्यातून चुंबक निघालं कसं?"

बाबा पुढे झाले. "मी काडलं व्हतं बाई. चाकूनं. नीट बसवलं नाय. घरात कुनालाच ठाव नव्हतं."

नवऱ्याने बाबांकडे पाहिलं. तो तापट नाही. त्याने लेकीला माझ्याकडून घेतलं आणि बाबांकडे पाठ केली. मी तिथेच उभी होते. वही हातभर अंतरावर पिशवीत होती. मी तोंड उघडलं नाही. लेकीला आत नेत होते, आता बोलायची वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं, मी भ्याले होते.

दिवेलागणीच्या सुमारास त्या बाई बाहेर आल्या. हातात स्टीलची छोटी वाटी होती. आतल्या दोन चकत्या वाटीच्या बुडाला चिकटून बसल्या होत्या. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत थांबला असतात तर सांगता येत नव्हतं." नवरा भिंतीला टेकून रडला. बाबा तेव्हाही दाराबाहेरच उभे होते.

घरी आल्यावर नवऱ्याने तिन्ही गाड्या एका गोणीत भरल्या. नक्कल फोडून टाकली, जुनी आणि नवी माळ्यावर गेली. फळी गोठ्यात गेली. तो बाबांशी जेवायला या एवढंच बोलायचा. मी महिन्याची रजा टाकली. रजा संपत आली तेव्हा त्याने खोपोलीत खोली बघायला सुरुवात केली. तिथे शेजारी एक बाई पोरं सांभाळते, म्हणाला. बाबांनी हे ऐकलं आणि लेकीच्या कपड्यांच्या घड्या घालून एका पिशवीत ठेवायला लागले. त्या महिन्यात त्यांनी तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. ती त्यांच्या पायाला मिठी मारायची आणि ते माझ्याकडे बघायचे, घे हिला, म्हणून.

ते मला बघवेना. एका दुपारी ते ओटीवर बसले होते, तिथे जाऊन मी म्हटलं, "बाबा, मला ठाव व्हतं. शनवारीच. हलत व्हतं ते. मी लिवून ठेवलं नि तुमाला सांगितलं नाय."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचलं मी. गाडीत. कर्जतच्या हितं."

म्हणजे डॉक्टरीणबाईंपुढे 'कुनालाच ठाव नव्हतं' म्हणाले, ते माझी ओळ वाचून झाल्यावर.

"मग बोललात का नाय?"

"काय बोलायचं व्हतं? चाकू मी लावला का तू?" त्यांनी चष्मा काढला. "आनि दोगांवर आलं असतं, तर पोरीला हात लावायला घरात कोन उरलं असतं गं? मला भ्या वाटतंय, तुलाबी वाटलं असतं. पोरीच्या आयला भ्या वाटून चालत नाय."

त्या संध्याकाळी नवरा आल्यावर मी वही त्याच्यापुढे उघडून ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बाबा नको नको करत होते. त्याने ती ओळ वाचली, मग पहिल्यापासून चारही पानं वाचली. चुंबक एक, चकती, चिकटवलेलं, हेही वाचलं. त्याने वही मिटली. मग म्हणाला, "आणली तर मीच होती." खोपोलीच्या खोलीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मी कामावर जायला लागले. लेक पुन्हा बाबांजवळ असते. भीती गेली, असं मात्र कुणी समजू नये. सकाळी बस पकडायच्या आधी मी तिला म्हणते, आ कर, आणि पाहते, आणि मग बाबांकडे देते. बाबा घेताना पुन्हा म्हणतात, आ कर, आणि खिडकीच्या उजेडाकडे तिचं तोंड फिरवून चष्म्यातून बघतात. संध्याकाळी मी आले की परत तेच. नवरा आला की तोही. हे आम्ही एकमेकांना सांगून ठरवलेलं नाही.

परवा विहारातल्या एक बाई सहज घरी आल्या. ओटीवर चप्पल काढून त्यांनी लेकीकडे हसून हात पुढे केला, नाव काय तुझं, म्हणून. लेक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, मान मागे टाकली, आणि कुणी न सांगताच तिने तोंड उघडलं.